आधीं शाई, मग यंत्र

शालान्त परीक्षेनंतर कित्येक विद्यार्थी चित्रकला, वास्तुरचना किंवा जाहिरातींचें आरेखन यांकडे वळतात; आणि पुढें स्वतंत्र धंदा करावयाचा म्हटलें म्हणजे रुंद कागदावर छापणारें इंकजेट यंत्र घ्यावें, असा विचार घरांत निघतो. अशा यंत्राची किंमत लाखाच्या घरांत जाऊं शकते. तेव्हां पालकांची साठविलेली पुंजी त्यांत घालण्यापूर्वीं नीट विचार होणें इष्ट होय. दुकानांत गेलेला मनुष्य बहुधा रुंदी व किंमत विचारतो. वस्तुतः पहिला प्रश्न असा पाहिजे कीं, छापलेलें चित्र कोठें लागणार व किती काळ टिकावयाचें? त्याच्या उत्तरावरून शाई ठरते, आणि शाईवरून यंत्र.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. याच्या हेडला असंख्य सूक्ष्म छिद्रें असून त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. एकेक थेंब कांहीं पिकोलिटर एवढाच असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लक्ष कोटींवा भाग! थेंब उडविण्याच्या मुख्य रीती दोन. कॅनन व एचपी यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवितात. त्यामुळें झालेला बुडबुडा थेंबास बाहेर ढकलतो. एप्सनच्या यंत्रांत विजेच्या योगानें आकार बदलणारा पीझो पदार्थ शाईस पिचकारीप्रमाणें दाबतो. दोन्ही रीतींनीं उत्तम काम होतें.

खरा भेद आहे तो शाईंत. पेलाभर पाण्यांत साखर घातली तर ती विरघळून दिसेनाशी होते. गेरू घातला तर त्याचे कण पाण्यांत तरंगत राहतात. डाय जातीची शाई साखरेसारखी व पिगमेंट जातीची गेरूसारखी समजावी. डायचे रंग तजेलदार. परंतु त्यांचे रेणू सुटे असल्यामुळें प्रकाश व हवेंतील ओझोन त्यांस लवकर फिके करितात, आणि पाणी लागल्यास ते फुटतात. पिगमेंटच्या प्रत्येक कणांत पुष्कळ रेणू एकत्र असतात. वरचे नष्ट झाले तरी आंतले शाबूत राहतात. चांगल्या कागदावर व कांचेआड असें चित्र अनेक दशकें टिकूं शकतें.

याविषयीं एक बोधप्रद उदाहरण आहे. गायक व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनीं 1991 सालीं कॅलिफोर्नियांत ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना काढला. तेथील आयरिस यंत्र मूळचें छपाईपूर्व नमुने काढण्यासाठीं बनविलेलें होतें. त्यावरील चित्रें नयनमनोहर निघत. पण नमुना टिकण्याची गरज नसल्यामुळें त्याच्या आरंभींच्या शाया अल्पायुषी होत्या, व भिंतीवर लाविलेलीं चित्रें थोड्याच वर्षांत विटूं लागत. म्हणजे यंत्र उत्तम असूनही शाई कामास योग्य नव्हती. पुढें 2000 सालीं एप्सननें पिगमेंट शाईचें 44 इंच रुंदीचें यंत्र बाजारांत आणलें, आणि टिकाऊ रंगीत छपाईचा मार्ग पुष्कळ सुकर झाला.

आतां निवड कशी करावी? इमारतींचे नकाशे काढणारास चार शाया पुरेत. मात्र काळी शाई पिगमेंटची असावी, म्हणजे रेषा ठसठशीत उमटते. ए-1 कागदास 24 इंच व ए-0 कागदास 36 इंच रुंदीचें यंत्र लागतें. छायाचित्रें व कलाकृती छापणारास आठ ते बारा शायांचें पिगमेंट यंत्र हवें. फिक्या शायांमुळें हलक्या छटा दाणेदार दिसत नाहींत. उघड्यावर लावावयाच्या फलकांस मात्र ही पाण्याची शाई उपयोगी नाहीं; त्यासाठीं इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स किंवा यूव्ही शाईचीं यंत्रें निराळींच असतात.

खर्चाचा हिशेब यंत्राच्या किमतीवर संपत नाहीं. शाईचा भाव डबीवर न पाहतां प्रत्येक मिलिलिटरला काय पडतो तें पाहावें. मोठ्या डबींतील शाई बहुधा स्वस्त पडते. यंत्र पडून राहिल्यास छिद्रांत शाई वाळते व सफाईंत पुष्कळ शाई वायां जाते; म्हणून आठवड्यांतून एकदां तरी कांहीं छापावें. पावसाळ्यांत कागद बंद पिशवींत ठेवावा. परकी स्वस्त शाई घालण्यापूर्वीं हमीच्या अटी वाचाव्या. शाई किंवा कागद बदलला कीं रंगांची प्रोफाइलही नव्यानें करावी लागते. आठवड्याचें कामही निश्चित नसेल, तर वर्षभर बाहेरून छापून घ्यावें व जमाखर्च लिहावा. यंत्र घ्यावें कीं नाहीं, हें ती वहीच सांगेल.

विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग अवश्य करून पाहावा. एकच चित्र डाय व पिगमेंट अशा दोन्ही शायांनीं छापून आणावें, प्रत्येकाचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्यानें झांकावा व दोन्ही चित्रें उन्हाच्या खिडकींत कांहीं महिने ठेवावीं. मग पुठ्ठा काढून झांकलेला व उघडा भाग ताडून पाहावा. ज्या चित्रासाठीं गिऱ्हाइकानें विश्वासानें पैसे मोजले, तें त्याच्या भिंतीवर कसें दिसेल याची कल्पना त्यावरून येईल. तो विश्वास राखणें हेंच धंद्याचें खरें भांडवल होय.