किरणांचा हिशेब : किरणोत्सर्ग संरक्षणाचे धडे आणि पुढची आव्हाने

किरणोत्सर्ग संरक्षणाचे शास्त्र दोन प्रश्नांवर उभे आहे : माणसाच्या शरीराला किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळाली, आणि ती आणखी कमी ठेवता आली असती का? क्ष-किरण, गॅमा किरण, अल्फा आणि बीटा कण यांच्यात अणूतील इलेक्ट्रॉन हुसकावून लावण्याइतकी ऊर्जा असते. त्यामुळे पेशीतील डीएनएची साखळी तुटू शकते. बहुतेक वेळा पेशी ही मोडतोड स्वतःच दुरुस्त करते. मात्रा फार मोठी असेल तर मात्र पेशी मोठ्या संख्येने मरतात. त्वचा भाजते, केस गळतात, रक्त तयार होणे थांबते. संपूर्ण शरीराला थोड्या वेळात सुमारे ४ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या ऊर्जेचे एकक) मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. दुसऱ्या प्रकारचा परिणाम उशिरा दिसतो. दुरुस्ती चुकलेली एखादी पेशी जगते आणि काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, तिच्यातून कर्करोग उद्भवतो. मात्रेबरोबर त्याची शक्यता वाढत जाते.

ही शक्यता जोखण्यासाठी मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्यातला जवळपास निम्मा वाटा घरात साचणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. छातीच्या साध्या एक्स-रेत ०.१ मिलिसीव्हर्टहून कमी मात्रा मिळते, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट.

या शास्त्राच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. धोका कुणाला तरी ठाऊक असे. ज्याच्या हातात ती वस्तू पडली त्याला तो ठाऊक नसे. स्रोताचा आणि मात्रेचा चोख हिशेब जिथे ठेवला गेला तिथे माणसे सुरक्षित राहिली. जिथे त्या हिशेबाची साखळी तुटली, तिथे त्याची किंमत अनभिज्ञ माणसांनी मोजली.

सुरुवातीचे बळी

विल्हेल्म रॉन्टजेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षभरात जगभरातील दवाखान्यांत क्ष-किरण नळ्या पोचल्या. नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ती हाताळणारे लोक आपलाच हात तिच्यासमोर धरत आणि पडद्यावर हाडे किती स्पष्ट दिसतात ते तपासत. दिवसातून कित्येकदा होणाऱ्या या तपासणीने आधी त्वचा लाल होई, मग जखमा होत आणि पुढे कर्करोग जडे. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी क्ष-किरणांवरचे काम सोडून दिले. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

रेडियमची कहाणी याहून कठोर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज आणि पुढे इलिनॉयमधील ओटावा येथे तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगवत. ब्रशला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले जाई. प्रत्येक वेळी रेडियमचे कण पोटात जात. रेडियमचे रासायनिक वागणे कॅल्शियमसारखे असल्यामुळे शरीर ते हाडांत साठवते. काही वर्षांत या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजली. त्याच उद्योगात रेडियम हाताळणारे रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते. न्यू जर्सीतील वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी १९२५ मध्ये आजाराचे कारण सिद्ध केले. या कामगारांच्या शरीरांच्या तपासणीवरून १९४१ मध्ये शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरवण्यात आली, आणि अणुबॉम्ब प्रकल्पात प्लुटोनियमची मर्यादा ठरवताना तीच पायाभूत धरली गेली. पुढच्या हजारो कामगारांचे रक्षण करणारा हा आकडा त्या मुलींच्या आयुष्यांतून आला आहे.

सहनमर्यादेपासून तीन तत्त्वांपर्यंत

सुरुवातीला मोजमापाचे साधन त्वचाच होती. आर्थर मुचेलर यांनी १९२५ मध्ये सुचवले, की त्वचा लाल होण्यास जितकी मात्रा लागते तिच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक मात्रा महिन्याभरात मिळू नये. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील क्ष-किरणशास्त्राच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय संरक्षण समिती स्थापन झाली; आज तिला आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग म्हणतात. तिने १९३४ मध्ये दिवसाला ०.२ रॉन्टजेन ही मर्यादा दिली. आजच्या भाषेत ती वर्षाला सुमारे ५०० मिलिसीव्हर्ट होते.

ठरावीक मात्रेखाली काहीच धोका नाही, ही समजूत या मर्यादेमागे होती. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांमुळे फळमाश्यांच्या जनुकांत बदल होतात हे दाखवले आणि या समजुतीला तडा गेला. हिरोशिमा आणि नागासाकीतील सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या गटाचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. त्यात रक्ताचा कर्करोग स्फोटानंतर काही वर्षांतच वाढलेला दिसला. इतर कर्करोगांची वाढ त्यानंतर कित्येक वर्षांनी दिसू लागली आणि ती आयुष्यभर टिकली. ब्रिटनमध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये गरोदरपणी काढलेले एक्स-रे आणि मुलांमधील कर्करोग यांचा संबंध दाखवला. तो मान्य व्हायला आणि दवाखान्यांतील पद्धत बदलायला अनेक वर्षे लागली.

अखेर १९७७ मध्ये आयोगाने आजही लागू असलेली तीन तत्त्वे एकत्र मांडली. किरणोत्सर्गाचा प्रत्येक वापर लाभाच्या तराजूत समर्थनीय ठरला पाहिजे. मात्रा व्यवहार्य असेल तितकी कमी ठेवली पाहिजे. कोणाही व्यक्तीची मात्रा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. रुग्णाला मात्र ही मर्यादा लागू नसते, तिथे पहिली दोन तत्त्वे अधिक काटेकोरपणे पाळावी लागतात. १९९० पासून कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि जनतेसाठी १ मिलिसीव्हर्ट ही शिफारस आहे.

अपघातांनी शिकवलेले

चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. तीव्र किरणोत्सर्ग आजाराचे १३४ रुग्ण निश्चित झाले आणि त्यांतील २८ जण काही महिन्यांत दगावले. त्यानंतरची मोठी हानी दुधातून झाली. आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठले. या समस्थानिकाचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, फक्त ८ दिवस आहे. काही आठवडे दूध थांबवले असते आणि साध्या आयोडीनचा डोस वेळेवर दिला असता, तर थायरॉइडच्या कर्करोगाची हजारो प्रकरणे टळली असती. शेजारच्या पोलंडने सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन दिले. सोव्हिएत संघातील खेड्यांत मात्र माहितीच उशिरा पोचली.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये घडलेल्या घटनेत अणुभट्टीचा संबंधच नव्हता. कर्करोगावर उपचार करणाऱ्या एका खाजगी दवाखान्याने जागा बदलली आणि सीझियम-१३७ असलेले यंत्र जुन्या इमारतीत सोडून दिले. दोघांनी त्याचा स्रोत असलेला भाग काढून भंगारवाल्याला विकला. फोडलेल्या कुपीतून अंधारात निळसर प्रकाश देणारी पूड निघाली. ती कुतूहलाने नातेवाईक आणि मित्रांत वाटली गेली, काहींनी अंगाला लावली. घरातली माणसे एकामागून एक आजारी पडू लागल्यावर भंगारवाल्याच्या पत्नीला त्या वस्तूचा संशय आला आणि ती वस्तू पिशवीत घालून ती बसने आरोग्य कार्यालयात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बोलावलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने मापक सुरू केला, तेव्हा काटा कोणत्याही दिशेला धरला तरी टोकालाच जात होता. मापक बिघडला असावा असे समजून तो दुसरा आणायला गेला. दुसऱ्याचा काटाही टोकाला गेला. तोवर अग्निशमन दलाचे जवान ती वस्तू नदीत फेकण्याच्या बेतात होते; त्याने त्यांना थांबवले. पुढे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी झाली, २४९ जणांवर किरणोत्सर्गी अंश सापडले आणि एका सहा वर्षांच्या मुलीसह चौघे दगावले.

अशीच साखळी २०१० मध्ये दिल्लीत तुटली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले उपकरण १९८५ पासून वापरात नव्हते. ते लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे, म्हणजे दोन-अडीच दशकांनीही त्यात प्राणघातक ताकद उरली होती. एक जण दगावला, इतर अनेक जणांना भाजल्याच्या जखमा आणि आजार झाले. तीन पात्यांचे किरणोत्सर्गाचे परिचित चिन्ह भंगाराचा धंदा करणाऱ्याला काहीच सांगत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये म्हणूनच लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारे पूरक चिन्ह आणले. ते मोठ्या स्रोतांच्या आत, यंत्र उघडू पाहणाऱ्याला दिसेल अशा जागी लावायचे असते.

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात झालेल्या अपघाताने उलट बाजू दाखवली. दीड लाखांहून अधिक लोक घर सोडून गेले. किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने एकही मृत्यू झाला नाही. मात्र रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेले कित्येक जण प्रवासात आणि नंतरच्या हालांत दगावले. संरक्षणाच्या उपायाचीही किंमत असते आणि तीही हिशेबात धरावी लागते.

भारतातील व्यवस्था

तुर्भे येथे ऑगस्ट १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६९ पासून तारापूरची वीज मिळू लागली. त्याबरोबरच मुंबईत किरणोत्सर्ग संरक्षणाचे देशी तंत्र घडत गेले. अणुऊर्जा नियामक मंडळ नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे. भारतातील कर्मचाऱ्याला पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीहूनही कडक आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत लहान घटक म्हणजे कर्मचाऱ्याने छातीवर लावायचा, मात्रा मोजणारा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या असतात. एक चकती धातूच्या गाळणीखाली, दुसरी प्लास्टिकखाली, तिसरी उघडी. शोषलेली ऊर्जा चकती साठवून ठेवते. प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि तिन्ही चकत्यांच्या प्रकाशाची तुलना करून किरणांचा प्रकार आणि मात्रा कळते. नियमाप्रमाणे बॅज शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा असतो. तो ॲप्रनवर लावला, यंत्राच्या खोलीत टांगून ठेवला किंवा खणात राहिला, तर नोंद खोटी ठरते. अब्जावधींच्या यंत्रणेचा विश्वास या साध्या शिस्तीवर तोललेला असतो.

पुढची आव्हाने

पहिले आव्हान रुग्णालयांतले आहे. मानवनिर्मित किरणोत्सर्गाचा सर्वांत मोठा वाटा आता वैद्यकीय तपासण्यांचा आहे. सीटी स्कॅन जीव वाचवतो, म्हणून तो टाळणे हे उत्तर नाही. आधीचा स्कॅन उपलब्ध असताना तोच पुन्हा करणे आणि लहान मुलाचा स्कॅन प्रौढाच्या मात्रेवर लावलेल्या यंत्राने करणे मात्र टाळता येते. क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयावर उपचार होणाऱ्या कॅथ लॅबमध्ये तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञांच्या डोळ्यांना मोतीबिंदूचा धोका असतो. आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसीव्हर्टवर आणली. शिशाच्या काचेचे चष्मे आणि टांगते पडदे प्रत्येक जिल्ह्याच्या गावातील लॅबपर्यंत पोचले तरच त्या आकड्याला अर्थ येईल. उपचारयंत्रांचे संगणकीकरणही तितकेच काळजीचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या यंत्राच्या संगणक प्रणालीतील दोषांमुळे अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भीषण अतिमात्रा मिळाली होती.

दुसरे आव्हान बेवारस स्रोतांचे आहे. २००८ मध्ये फ्रान्समधील लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडले. ज्या पोलादापासून ती बटने बनली ते महाराष्ट्रातील ओतशाळेतून गेले होते आणि बटने बसवणाऱ्या कारखान्यातील सुमारे वीस कामगारांना १ ते ३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली. भंगारात मिसळलेला एक स्रोत भट्टीत वितळला की तो हजारो वस्तूंत विखुरतो. बंदरांवर आणि ओतशाळांच्या दारांत शोधयंत्रे हवीत. त्याहून महत्त्वाचे, उपकरण विकत घेतानाच त्याच्या शेवटच्या विल्हेवाटीचा खर्च आणि जबाबदारी ठरायला हवी.

तिसरे आव्हान अल्प मात्रेच्या विज्ञानाचे आहे. केरळमधील करुनागपळ्ळीच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून अनेक पटींनी जास्त आहे, तरी तेथील अभ्यासात कर्करोगाचे अधिक प्रमाण आढळले नाही. याउलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक अणुकर्मचाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासात अल्प मात्रेबरोबरही कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंची वाढ दिसली. हा वाद मिटेपर्यंत प्रत्येक मिलिसीव्हर्टमागे थोडा धोका गृहीत धरून नियम करणे हाच सावध मार्ग आहे. मात्र त्याच गृहीतकावरून लाखो लोकांच्या नगण्य मात्रांची बेरीज करून मृत्यूंचे आकडे सांगणे चुकीचे ठरते. त्यातून भीती वाढते, सुरक्षितता वाढत नाही.

चौथे आव्हान दीर्घायुषी कचऱ्याचे आणि माणसांचे आहे. फिनलंडने वापरलेले अणुइंधन साठवण्यासाठी ओन्कालो येथे सुमारे ४०० मीटर खोलीवर खडकात भांडार खोदले आहे. त्याची नोंद शेकडो पिढ्यांसाठी जपायची आहे. आज मात्र अनेक रुग्णालयांना आणि कारखान्यांना पूर्ण वेळ किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी ठेवणेही जड जाते. यंत्रे वाढतील त्या वेगाने प्रशिक्षित माणसे वाढली नाहीत, तर नियम कागदावर राहतील. एक्स-रे तंत्रज्ञ, ओतशाळेतील कामगार, भंगार गोळा करणारा आणि तपासणीला आलेला रुग्ण यांना त्यांच्या भाषेत धोका कळणे आणि प्रत्येक स्रोत खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंत कुणाच्या तरी नावावर असणे, ही पुढच्या काळातील किरणोत्सर्ग संरक्षणाची किमान अट आहे.