घरावर आलेले झाड : फांदी उतरवावी की बुंधाच पाडावा?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रोहा आणि पेण तालुक्यांनीही तो वारा अंगावर घेतला. अंगणात पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले आंबे-फणस आडवे झाले, कौले फुटली, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून बाजूने गेले, तरी घरालगतच्या झाडाकडे पाहून पुष्कळांच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून मृगाचे दिवस जवळ आले की घरोघरी एकच विचार : हे झाड पाडून टाकावे का?

आमचे सांगणे असे, की बहुतेक झाडे पाडावी लागत नाहीत. दोन-चार फांद्या नीट उतरवल्या की भागते. मग झाड बुंध्यासकट का जाते? याचे कारण आपल्या व्यवहारात आहे. "भाऊ, लाकूड तुम्हीच न्या, मजुरी मात्र मागू नका," असा सौदा आपण करतो. तोडणाऱ्याचा पैसा असतो बुंध्यात. फांद्यांच्या सरपणात त्याचे गाडीभाडेही सुटत नाही. मग "दादा, झाड आतून पोकळ आहे, ठेवू नका," असे तो म्हणाला तर नवल कसले? त्यापेक्षा रोख मजुरी ठरवावी, उतरवायच्या फांद्यांवर चुन्याची खूण करावी आणि सरपण घरी ठेवावे. घरातल्या बायका वर्षभर त्याच झाडाखाली वावरतात. कोणती फांदी करकरते, कुठून भुसा गळतो हे त्यांना आधी कळते. खुणा करताना त्यांना जरूर विचारावे.

झाड खरेच धोक्याचे आहे का, हे पारखता येते. बुडाशी अळंबी उगवली असेल, कोयत्याची मूठ आपटल्यावर पोकळ आवाज येत असेल, झाड एका बाजूला कलून दुसऱ्या बाजूची माती उचलली वा भेगाळली असेल, तर त्याचा भरवसा धरू नये. बुंध्याला सारख्याच जाडीची दोन खोडे अगदी अरुंद फटीने जुळलेली असतील तर तो सांधाही कच्चा असतो. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ओटा वाढवताना, शोषखड्डा खणताना किंवा अंगणात सिमेंट घालताना झाडाची जाड मुळे आपणच तोडलेली असतात. असे झाड वरून हिरवेगार दिसते, पण त्याचा एका बाजूचा आधार गेलेला असतो.

आता फांदी कशी कापावी ते पाहू. राबासाठी ऐन-किंजळाचा टहाळ तोडण्याचा आपला हात बसलेला आहे. ऐनाला ती तोड सोसते, पुन्हा फुटवा येतो. पण तोच हात अंगणातल्या आंब्या-फणसावर चालवून त्याचा शेंडाच उडवणे वाईट. नवे फुटवे जोमाने येतात खरे, पण त्यांचा सांधा वरवरचा असतो आणि पुढे जड झाल्यावर तेच मोडून पडतात.

जाड फांदी एका घावात कधीही तोडू नये. ती खाली जाताना बुंध्याची साल सोलून नेते. बुंध्यापासून हात-सव्वा हात अंतरावर आधी खालून करवत चालवून तिसरा हिस्सा कापावा. मग चार बोटे पुढे सरकून वरून कापावे. वजन उतरले की उरलेला खुंट शेवटी काढावा. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा दिसतो तो राखून कापावे, कारण जखम भरणारी साल तिथूनच येते. जखमेवर डांबर फासून आतली कूज थांबत नाही. आंब्याच्या कापावर मात्र बोर्डो मलम लावण्याची पद्धत आहे : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवावा, लोखंडी घमेल्यात नव्हे. ताज्या जखमेवर खोडकिडा येतो, तेव्हा पुढचे काही आठवडे भुसा दिसतो का यावर नजर ठेवावी.

छपरावरची फांदी दोराने बांधून खाली सोडावी लागते. पेणच्या गणपती कारखानदारांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. पावसाच्या तोंडावर मूर्तींनी भरलेल्या शेडवर एक फांदी पडली तरी वर्षाची मेहनत जाते. काम देण्यापूर्वी माणसाला दोन प्रश्न विचारावेत : दोर कुठे बांधणार, आणि फांदी कुठे उतरवणार? चटकन उत्तर देता आले नाही तर दुसरा माणूस पाहावा. वर चढणाऱ्याच्या कमरेला स्वतंत्र दोर हवाच. तो नको म्हणाला तरी आपण आग्रह धरावा; त्याच्याही घरी वाट पाहणारी माणसे असतात. ओल्या झाडावर कोणालाही चढवू नये. फांदी तारेजवळ असेल तर महावितरणला कळवून वीज बंद झाल्यावरच हात घालावा. ओली फांदी तारेला टेकली की तिच्यातूनही वीज उतरते.

झाड पाडणेच भाग असेल तर आधी परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ ही झाडे आहेत. आपल्या जमिनीतली असली म्हणून सूट नाही. वनखात्याच्या परिक्षेत्र कचेरीत अर्जाची चौकशी करावी. पेण आणि रोहा-अष्टमी नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे फांद्या उतरवण्याआधीही नगरपालिकेत विचारलेले बरे. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असल्यास परवानगी नाकारू नये, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणून अर्जात झाड कोणाच्या छपरावर, किती कलले आहे हे स्पष्ट लिहावे. हे सारे एप्रिलमध्येच सुरू करावे. तोडलेले लाकूड गावाबाहेर न्यायचे झाल्यास जातीनुसार वाहतुकीचा पासही लागतो, तो टेम्पो भरण्याआधी हातात असावा.