लिगुरिया : दगडी गडग्यांनी तोललेला किनारा

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया हा त्या देशाच्या २० प्रशासकीय प्रदेशांपैकी एक असून पश्चिमेला फ्रान्सच्या सरहद्दीपासून आग्नेयेला तस्कनीच्या सीमेपर्यंत तो कमानीच्या आकारात पसरला आहे. सुमारे ५,४०० चौरस किलोमीटरच्या या चिंचोळ्या पट्टीत सपाट जमीन जवळजवळ नाहीच, कारण सावोनाजवळच्या कादिबोना खिंडीपाशी आल्प्स संपून आपेनाइन पर्वतरांग सुरू होते आणि या दोन्ही रांगांचे उतार थेट भूमध्य समुद्रात उतरतात. उत्तरेचे थंड वारे हे डोंगर अडवून धरतात. त्यामुळे येथील हिवाळा सौम्य राहतो आणि ऑलिव्ह, द्राक्षे व फुलांची लागवड होऊ शकते.

पोट भरण्याइतके धान्य न देणाऱ्या या भूमीने माणसांना समुद्राकडे वळवले. येथील जेनोआच्या प्रजासत्ताकाने १२८४ मध्ये मेलोरियाच्या आरमारी लढाईत पिसाचा पराभव केला, क्रिमियातील काफापर्यंत व्यापारी ठाणी वसवली, आणि १४०७ मध्ये राज्याच्या कर्जाचा कारभार पाहण्यासाठी ‘सान जॉर्जो’ ही संस्था स्थापन केली. या कर्जातील हिस्से नागरिकांना विकत घेता येत व त्यांच्या परताव्यासाठी राज्याचे काही कर संस्थेकडे सोपवलेले असत. युरोपातील बँकव्यवसायाच्या आरंभीच्या टप्प्यांमध्ये तिची गणना होते. सोळाव्या शतकात स्पेनच्या राजसत्तेला कर्जे पुरवणारे जेनोआचे सावकार पुढे प्रबळ झाले, तरी प्रजासत्ताक हळूहळू क्षीण होत गेले. १७६८ मध्ये कॉर्सिका बेट फ्रान्सकडे गेले, १८०५ मध्ये नेपोलियनने जेनोआचा मुलूख आपल्या साम्राज्यात सामील केला आणि १८१५ मध्ये तो सार्डिनियाच्या राज्याला जोडला गेला. त्याच राज्याच्या पुढाकाराने १८६१ मध्ये एकीकृत इटलीचे राज्य स्थापन झाले.

समुद्रावरचा हा पराक्रम इतिहासग्रंथांत नोंदला गेला असला, तरी शेतकऱ्यांनी डोंगरावर केलेले काम त्याहून कमी मोलाचे नाही. चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या परिसरात उभे कडे कोरून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली गेली आणि प्रत्येक पायरीला चुना वा माती न वापरता रचलेल्या दगडी गडग्याचा आधार दिला गेला. गडग्याच्या पाठीमागे बारीक दगडांची भर असते व दर्शनी दगडांमध्ये फटी राहतात. त्यांतून पावसाचे पाणी झिरपून जाते आणि भिंतीवर दाब साचत नाही. युनेस्कोने १९९७ मध्ये या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तर २०१८ मध्ये इटलीसह युरोपातील आठ देशांची ही रचनाकला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

तथापि असे गडगे दरवर्षी डागडुजी मागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, ला स्पेत्सियाला आरमारी गोदी उभी राहिली आणि पुढे पर्यटन वाढले, तशी कष्टाची शेती ओस पडत गेली. निगा नसलेला गडगा ढासळला की वरची माती मोकळी होते. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या गावांत चिखलदगडांचे लोंढे घुसले, तेव्हा उतारांच्या देखभालीचा प्रश्न ऐरणीवर आला. माणसाने घडवलेला डोंगर निसर्गाच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून येथे गडगे रचणाऱ्या हातांना काम आणि त्या कामाचा योग्य मोबदला मिळणे, हीच किनाऱ्याच्या संरक्षणाची पहिली अट आहे.