अमेरिकेतला डिसेंबर आणि सगळ्यांचे सण

अमेरिकेत नाताळची केंद्रीय सुट्टी १८७० पासून आहे. मात्र हा सण तिथे पहिल्यापासून सर्वमान्य होता असे नाही. प्युरिटन पंथीयांना बायबलमध्ये त्याला आधार दिसत नव्हता, म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. ही बंदी १६८१ मध्ये उठली. विसाव्या शतकात चित्र पार पालटले. दुकानांत, शाळांत, नगरपालिकेच्या चौकांत नाताळच नाताळ दिसू लागला, आणि ज्यू, मुस्लिम, हिंदू, बौद्ध घरांतली मुले महिनाभर दुसऱ्यांच्या सणाच्या तयारीत वावरू लागली. सगळ्यांना सामावून घ्यायचे ते कसे, हा प्रश्न तिथून उभा राहिला.

कायद्याने त्याला एक उत्तर दिले. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार अमेरिकी सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही. ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट शहराने मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्याला १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुभा दिली, कारण सोबत सांताचे घर, रेनडिअर, ख्रिसमस ट्री असे बरेच काही होते. पाच वर्षांनी पिट्सबर्गच्या खटल्याचा निकाल लागला. तिथे काउंटी न्यायालयाच्या भव्य जिन्यावर येशूजन्माचा देखावा होता आणि देवदूताच्या हाती देवाचा जयजयकार करणारा लॅटिन फलक. दुसऱ्या एका सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्री, शेजारी मेनोरा हे ज्यूंचे १८ फुटी दीपपात्र आणि स्वातंत्र्याला वंदन करणारी महापौरांची पाटी. जिन्यावरचा देखावा घटनाबाह्य ठरला, बाहेरची मांडणी टिकली. पहिल्यातून सरकार एका धर्माची पाठराखण करते असे दिसते, दुसरीतून तसे दिसत नाही, असे मुख्य निकालपत्रात म्हटले गेले.

यातून नगरपालिकांना सोपी वाट सापडली: सगळ्यांची चिन्हे शेजारी शेजारी मांडायची. कोर्टात ती टिकते, पण सणांवर तिने अन्यायच केला. ज्यू पंचांगात हनुक्का हा धाकटा सण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात परकी राजवटीने विटाळलेले जेरुसलेमचे मंदिर मक्काबी या ज्यू बंडखोरांनी परत मिळवून शुद्ध केले, त्याची ही आठवण. मेनोरावरच्या नऊ दिव्यांपैकी एक, शमाश, इतरांना पेटवण्यासाठी. त्याने पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठव्या दिवसापर्यंत आठ दिवे लावतात. त्यासाठी कामधंदा बंद ठेवावा लागत नाही. रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह या सणांचा मान कितीतरी मोठा. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये तर पूर्वी हनुक्का पाळलाच जात नसे. मंदिराच्या शुद्धीकरणाआधीच आपले पूर्वज तिथून निघाले असावेत, असा अर्थ त्यांच्यातले अनेक जण लावतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' त्यामुळे ज्यू म्हणून कुठे उणे पडले नाहीत. अमेरिकेत मात्र हनुक्का नाताळाएवढा फुगला, तो मुख्यतः डिसेंबरच्या आसपास येतो म्हणून. १९६६ मध्ये सुरू झालेला क्वान्झाही त्याच रांगेत बसवला जातो. वास्तविक तो आफ्रिकी अमेरिकनांचा सांस्कृतिक उत्सव आहे, एखाद्या धर्माचा सण नव्हे.

शाळांनी त्या मानाने अधिक विचार केला. साउथ डाकोटातल्या सू फॉल्स इथे शाळेतल्या नाताळ कार्यक्रमावर हरकती आल्या, तेव्हा शाळामंडळाने नियम केले: सणांची ओळख करून द्यायची, धार्मिक गाणी आणि चित्रे शिकवण्यापुरती वापरायची, प्रचार करायचा नाही. १९८० मध्ये अपील न्यायालयाने हे नियम उचलून धरले. इथे हनुक्का मोठा करावा लागत नाही; तो जेवढा आहे तेवढाच समजावून सांगता येतो.

शिवाय डिसेंबरची चौकट अनेकांना मुळातच लागू पडत नाही. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा दोनदा सुरू होईल. दिवाळी तर डिसेंबरच्या बरीच आधी संपलेली असते. तेव्हा हिंदू मुलांसाठी नाताळाच्या फलकावर पणती चिकटवण्यात फारसे काही साधत नाही. न्यूयॉर्क शहराने याहून सरळ मार्ग धरला. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी शाळांना दोन्ही ईदची सुट्टी जाहीर झाली, आणि २०२३ च्या राज्य कायद्याने दिवाळीची. या कायद्यात भारतीय पंचांगातल्या आठव्या महिन्याचा उल्लेख असल्याने सुट्टीचा दिवस पंचांगानुसार ठरतो, आणि तिथल्या मराठी घरांतली मुले आता त्या दिवशी शाळा न बुडवता घरी असतात.