चूल, दप्तर आणि वासोटा

ऐतिहासिक कादंबरी लिहावयाची तर निवांतपणा हवा, असा समज आपल्याकडे दृढ आहे. हरि नारायण आपटे यांनी आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत आणि १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालवीत ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांना स्वयंपाक करावा लागत नव्हता, असे कोणी म्हणेल. पण काशीबाई कानिटकर तर लग्नानंतर लिहावाचावयास शिकल्या आणि संसारात राहूनच कादंबरीकार व डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकार झाल्या. दुपारची झाकपाक आटोपल्यावरचे दोन तास आजही पुष्कळ स्त्रियांच्या हाती असतात. अडते ते साधनांपाशी.

कोयनानगरचेच पाहा. याच कोयनेच्या खोऱ्यात, शिवसागर जलाशयाच्या काठच्या रानात वासोटा किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध कित्येक महिने लढवीत होती. तिने तटामागे धान्य कसे पुरविले, माणसे कशी धरून ठेवली, हे प्रश्न घर चालविणाऱ्या बाईला आपोआप सुचतील. पण उत्तरे शोधावयाची कोठे? पेशवे दप्तर पुण्यात, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच. राजवाड्यांचे बावीस खंड आणि सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड छापील आहेत हे खरे. परंतु अप्रकाशित कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचावयास सराव लागतो. पाटण, कराड करीत पुणे गाठावयाचे, दोन दिवस कागद चाळावयाचे आणि घरच्या आजाऱ्याच्या औषधाच्या वेळेला परत यावयाचे, हे कोणत्या गृहिणीला जमेल?

दुसरे दप्तर मात्र तिच्या घरातच आहे. धरणाने गावे बुडाली, माणसे जिल्ह्याबाहेर विखुरली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने उरलेली घरेही पाडली. पाण्याखाली गेलेल्या गावची देवळे, वाटा, शेतांची नावे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही खंडात नाहीत. सासूबाईंना भाजी निवडता निवडता विचारता येते ते संशोधकाला पत्र पाठवून कळत नाही.

अर्थात आठवण म्हणजे पुरावा नव्हे. ऐकीव गोष्ट कागदाशी ताडून पाहणे आणि जेथे कागद मुका आहे तेथेच कल्पनेला वाट देणे, एवढा विवेक कादंबरीकाराने पाळलाच पाहिजे. तो पाळता यावा म्हणूनच कागद तिच्या हाताशी हवा.

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. सातारा प्रांताशी संबंधित कागदांच्या छायाप्रती तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. मोडीचे वर्ग दुपारी, बायकांना सवडीच्या वेळी भरवावेत. आणि बुडीत गावांच्या आठवणी गावाच्या व सांगणाराच्या नावानिशी नोंदवून त्याच ग्रंथालयात जपाव्यात. कागद शंभर वर्षे थांबले, आणखी दहा थांबतील. माणसे थांबणार नाहीत.