क्वार्टर सुटतं, शेजारही सुटतो

भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र. जळगाव जिल्ह्यातल्या या वसाहतींमध्ये निवृत्तीनंतर काही महिन्यांतच क्वार्टर सोडावं लागतं आणि वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो. नवऱ्याइतकीच बायकोही एकटी पडते. तिच्यासाठी निरोप समारंभ मात्र कुणी ठेवत नाही. म्हणून नवं घर कुठे घ्यायचं हे ठरवताना दोघांचीही ओळखीची माणसं जवळ असतील, हे आधी पाहावं. फ्लॅटच्या चौरस फुटांपेक्षा ते महत्त्वाचं.

रेल्वेगाड्यांवर काम करणाऱ्या रनिंग स्टाफची झोप रात्रपाळीला सरावलेली असते. निवृत्तीनंतर ती लगेच रुळावर येत नाही, चिडचिड होते. घरच्यांनी हे समजून घ्यायला हवं.

सोबत : गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा राज्यव्यापी महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून काम करतो. संघात पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, तेव्हा जुन्या सहकाऱ्याला बरोबर न्यावं. हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीचं बोलावणं आलं, तर टाळू नये.

प्रवास : एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत (ऑगस्ट २०२२ पासून).

फोन : ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास. दोन्ही मोफत.