गियर दांड्यावरचा ‘एस’

ऑटोमॅटिक गाडी गॅरेजात येते आणि गिऱ्हाईक म्हणते, “इंजिन ओरडते, गियर बदलत नाही.” कारागीर बांधवांनी पेटी उघडण्याआधी दांडा पाहावा. तो ‘एस’ म्हणजे स्पोर्टवर असेल तर बहुधा बिघाड नसतोच.

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. २०१३ साली ती बाजारात आली. पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला मागणी आहे. तिच्या सात गियरच्या पेटीत दोन कोरडे क्लच असतात, एक विषम गियरांसाठी, दुसरा सम. ‘डी’मध्ये संगणक वरचा गियर लवकर टाकतो, पेट्रोल वाचते. ‘एस’मध्ये वरचा उशिरा पडतो, खालचा लवकर येतो. इंजिनाची ताकद वाढत नाही, फक्त पाय दाबताच हाताशी येते. पेट्रोल अर्थातच जास्त जाते.

घाटात याचा खरा उपयोग. उतारावर खालचा गियर राहिल्याने इंजिन गाडी आवरते, ब्रेक कमी तापतात. मात्र टायरची पकड तीच राहते. वळणावर वेग कमी करावाच लागतो. काही महागड्या गाड्यांत स्पोर्टचे बटण दाबले की स्टेअरिंग जड आणि शॉकअब्सॉर्बर कडक होतात. पकड तेथेही टायरचीच.

शहरातल्या गर्दीत ‘एस’चा फायदा नाही. इंच-इंच सरकताना कोरडा क्लच घासून तापतो. पुढे मोकळी जागा होईपर्यंत ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा.

जुनी गाडी घेताना बयाणा देण्यापूर्वी ती ‘डी’मध्ये हळू चालवावी. पहिल्या-दुसऱ्या गियरला थरथर जाणवली, तर क्लच तपासून घ्यावा.